सारामावशी काय म्हणते

शकूला साडेतीन वर्षं पुरी झाली तरी तिनं कुणाला आजा म्हटलं नव्हतं, आजी म्हटलं नव्हतं, आई तर नाहीच नाही. मुकी म्हणावी तर तेही खोटं. पोरगी बोलत होती. भराभरा, हातवारे करून, मध्येच खुदकन हसून बोलत होती. फक्त काय बोलते ते अख्ख्या पेण तालुक्यात कुणाला कळत नव्हतं.

तिचा आजा दाजी हा भाताचा नि वालाचा शेतकरी, गागोद्याच्या वाटेवरच्या एका लहानशा गावातला. त्यानं आपल्याकडून कसूर ठेवली नाही. आधी शाळेच्या गुरुजींना पोरीचं बोलणं ऐकवलं. गुरुजींनी चष्मा पुसून ऐकलं आणि हे इंग्रजी नाही एवढं छातीठोक सांगितलं. गुरुजींना इंग्रजी किती येतं हा भाग वेगळा. मग पुंडलिक खलाशी आला. हा पुंडलिक तीस वर्षं जहाजावर होता, चौदा देशांच्या बंदरांत भांडून आलेला, म्हणजे चौदा भाषांतल्या शिव्या त्याला तोंडपाठ. त्यानं पोरीसमोर फतकल मारून चौदाच्या चौदा शिव्या एकेक करून म्हणून पाहिल्या. शकूनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ही बोली कुठल्याच बंदराला लागत नाय," असा निकाल देऊन पुंडलिक चहा पिऊन गेला.

ढुंकून न पाहणं तर रोजचंच होतं. शकू कुणाच्याच तोंडाकडे पाहत नसे. माणसाच्या कानाजवळून, खांद्यावरून ती पलीकडे बघायची, जणू तो माणूस म्हणजे मध्ये आलेला खांब. नावानं हाक मारावी तर ती भिंतीला मारल्यासारखी.

मग एके सकाळी तो शब्द आला. शकू ओटीवरून आत आली, पुढच्या दाराच्या उजव्या चौकटीकडे तोंड करून उभी राहिली, हात वर करून हलवला आणि स्पष्ट म्हणाली, "प्रेत."

तिच्या आजीच्या, बायजाच्या हातातलं सूप खाली आलं. वालाचे दाणे घरभर पळाले.

दुसऱ्या दिवशी तेच. चौकटीकडे बघून हसायची, हात हलवायची, प्रेत, प्रेत. त्यामागून 'स्मात्री' असलं काहीतरी, मग दोनचारदा 'इश्शो', आणि तिथून आत वळताना 'पका-पका'.

आता ते घर मुळात दाजीच्या बापजाद्यांचं नव्हे. ते एलिजा तेल्याचं. शनवारतेली म्हणत त्यांना गावात. शनिवारी त्यांचा घाणा बंद, चूल बंद, आणि बाकीचे सहा दिवस त्यांच्या तेलावाचून गावाची फोडणी बंद. एलिजा नि त्याची बायको सारा, पोरंबाळं घेऊन, सत्तर साली इस्राएलला निघून गेले तेव्हा घर दाजीच्या बापाकडे आलं. दाजी तेव्हा चौदा वर्षांचा. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक तिरपी डबी ठोकलेली असायची, आत त्यांच्या देवाची अक्षरं. जाता-येता डबीला बोटं लावायची नि बोटं ओठांना टेकवायची. जाताना डबी त्यांनी काढून नेली, खिळ्यांची दोन भोकं राहिली. पण सारामावशीचा पदर धरून हिंडलेल्या दाजीची सवय काही गेली नाही. लग्न होऊन आलेल्या बायजानं ते पाहिलं आणि सासरची रीत असेल म्हणून तीही बोटं लावू लागली. पन्नास वर्षं ते घर दोन भोकांच्या पाया पडत होतं.

तेव्हा बायजानं जे जुळवलं ते अगदीच वेडगळ नव्हतं. सारामावशी आली आहे, म्हणाली. आपल्या जागेवर उभी राहते. पोरीला दिसते, म्हणून पोरगी प्रेत म्हणते. आणि इश्शो कोण म्हणतं हल्ली? आताच्या पोरी लाजल्या तरी फोटो काढतात. ती म्हातारीच आतमधून लाजते आहे.

"अगो, ती मेली तिकडं समुद्रापार," दाजी म्हणाला. "इथवर येईल कशी?"

"मेलेल्याला काय पासपोर्ट लागतो?"

पुढचं मग सरळच होतं. पका-पका म्हणजे म्हातारीला काहीतरी पिकलेलं हवं. बायजानं चौकटीखाली रोज पिकली केळी ठेवायला सुरुवात केली. केळी रोज नाहीशी होत आणि त्या महिन्यात आळीतल्या शेळ्यांनी असं बाळसं धरलं की त्यांना दारातून आत घ्यायला आडवं करावं लागे.

दाजीला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण भूत म्हटल्यावर त्याला मोकळं वाटलं. छातीवरचं जातं कुणी उचलून नेल्यासारखं. कारण दुसरंही एक कारण त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या खिशात होतं.

शकूचा बाप रघू नागोठण्याकडे कंपनीत शिफ्टला. आई मालू पेणेला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. दहा महिन्यांची शकू आजाआजीच्या स्वाधीन झाली ती जेवायची नाही. घास पुढे केला की दातखीळ. एक दिवस कंटाळून दाजीनं रघूचा जुना फोन सुरू केला आणि पोरीपुढे धरला. त्यात कुणाचे तरी गोरे हात रंगीत अंडी फोडून आतली खेळणी काढत होते. पोरीनं आ केला. घास गेला. दुसरं अंडं, दुसरा घास. वाटी साफ. दाजीनं त्या दिवशी चावडीपर्यंत जाऊन सांगितलं की पोरगी कशी जेववावी ते त्याच्याकडून शिकावं.

मग तो फोन घरचाच झाला. लावणीला बांधावर छत्रीखाली शकू नि फोन. झोडणीला खळ्याच्या कडेला शकू नि फोन. वाल सोलताना, आंघोळीला, अंग तापलं तर औषधाला, फोन. दीड वर्षाची असताना ती नाकानं फोन उघडते असं दाजी पाव्हण्यारावळ्यांना कौतुकानं सांगे, आणि मालू कधी कुरकुरली की, "तुझ्या हातनं खाते का ती?" असं म्हणून गप्प करी.

अंगणवाडीच्या गिरजाबाईनं एकदा वाटेत अडवून विचारलं की पोरीशी घरात दिवसभर बोलतं कोण. दाजीला राग आला. पण तिच्याच सांगण्यावरून तो शकूला पेणेच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, एकटाच. डॉक्टरांनी तपासलं, पुष्कळ विचारलं, पुष्कळ सांगितलं. घरी येऊन दाजीनं त्यातलं एकच वाक्य सांगितलं. कान चांगले आहेत.

भुताला कोंबडं देता येतं. नारळ देता येतो. हात जोडून, बाई, चुकलं, सोड माझ्या लेकराला, असं म्हणता येतं. पण ज्या हातानं पोरीपुढे फोन धरला त्या हाताला काय द्यायचं? म्हणून दाजीला सारामावशी हवी होती. ती नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून त्याला जगता येणार नव्हतं.

सारामावशीची भाची मिरियम रोह्याला होती. अठ्ठ्याहत्तरीची, त्यांच्यापैकी दाजीच्या ओळखीची तेवढीच उरलेली. तिला त्यांची देवाची भाषा येते, ती ऐकेल, म्हातारीला काय हवं ते सांगेल, असं ठरलं. बायजा म्हणाली अमावास्येला जा. अमावास्या शनिवारी येत होती. शनिवारी त्यांच्यात असल्या कामाला हात लावत नाहीत हे दाजीला पक्कं ठाऊक, म्हणून तो आधीच्या गुरुवारी शकूला घेऊन पेणेला आला आणि रोह्याच्या गाडीत बसला.

नागोठणं गेलं आणि फोन मेला.

शकूनं आधी काच बोटानं चोळली. मग फोन हलवला. मग ती ओरडली. गाईचं वासरू खड्ड्यात पडतं तेव्हा ओरडतं तशी, श्वास न घेता. ती मागे कोसळली, डोकं बाकावर आपटू लागली, दाजीनं मध्ये हात घातला तर मनगटाला दात लावले. शकू, शकू बाय, बघ बाहेर नदी, बघ बगळा. तिच्या डोळ्यांत नदी नव्हती, बगळा नव्हता, आजा तर नव्हताच. डब्यातल्या बाया बोलू लागल्या. कुणी म्हणालं मुंगी चावली असेल. कुणी म्हणालं आमच्या वेळेला पाठीत एक बसली की झालं. शेवटी समोरच्या कॉलेजच्या पोरीनं मुकाट्यानं आपला फोन काढून पुढे केला. क्षणात सगळं थांबलं. पोरगी हुंदके देत अंडी बघू लागली. दाजीनं रक्ताळलेलं मनगट पंच्यात गुंडाळलं. नको म्हणायची त्याची हिंमत झाली नव्हती.

मिरियमबाईनं दोघांना ओटीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं, दाजीचा फोन आत चार्जिंगला लावला आणि सगळी कहाणी न हसता ऐकून घेतली. तिला न हसणं किती जड गेलं ते तिचं तिला माहीत. दाजीनं हात जोडले.

"मिरियमबाय, सारामावशीला काय पायजे ते विचार. माझा जीव मागितला तरी देतो. पोरीला सोड म्हणावं."

"साराआत्या मेल्यावर इतक्या लांब येणार असती ना दाजी, तर आधी माझ्याकडे जेवून तुझ्याकडे आली असती," मिरियमबाई म्हणाली. पण म्हातारा रडायच्या बेतात आहे हे तिनं पाहिलं आणि शकूजवळ कान नेला. शकू दाराकडे तोंड करून उभी होती, जिथून तिचा फोन आत गेला होता. हात हलवत होती. प्रेत, प्रेत. स्मात्री. इश्शो.

मिरियमबाईनं बराच वेळ ऐकलं. हे प्रार्थनेतलं नाही, म्हणाली. तिला बोलायची भाषा येत नव्हती, प्रार्थनेपुरतीच येत होती. तेव्हा तिनं आपल्या फोनवरून इस्राएलला, अश्दोदला, मोझेसला व्हिडिओ लावला. मोझेस म्हणजे साराचाच मुलगा, दाजीच्या वयाचा, दाजीबरोबर ओढ्यात बेडूक मारलेला. बावन्न वर्षांनी दोघं एकमेकांना पाहत होते, आणि दाजीला पहिलं वाक्य बोलावं लागलं ते हे, की मोझ्या, तुझी आई माझ्या नातीच्या अंगात आलीय.

तिकडे मोझेस आधी गोंधळला, मग त्यानं टकलावरून हात फिरवला. "कशावरनं?"

दाजीनं इश्शोचं सांगितलं.

"दाजी, माझी आय जन्मात इश्श म्हणाली नाय रे. ती शिव्या घालायची. तुला नाय घातल्या?"

घातल्या होत्या. मिरियमबाईनं फोन शकूपुढे धरला. शकूनं काचेकडे पाहिलं मात्र, तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला, आणि तिनं सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. मोझेसनं कान देऊन ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग तो हळूच म्हणाला की ही रशियन भाषा आहे. त्याच्या जिन्यात सगळे रशियातून आलेलेच राहतात, त्यांची पोरं दिवसभर हेच ओरडत असतात.

"प्रेत नाय दाजी. प्रिवेत. म्हणजे आपलं, राम राम. स्मात्री म्हणजे बघ. यिश्शो म्हणजे अजून. आणि पका म्हणजे येते हां."

दाजी ते चार शब्द मनात घोळवत राहिला. राम राम. बघ. अजून. येते हां. मग त्याच्या तोंडावर एकदम उजेड आला, बुडत्याला काडी दिसावी तसा.

"म्हणजे बोलते ती. अगो मिरियमबाय, बोलते ना पोरगी. राम राम करते. शहाण्या माणसासारखं बोलते."

"बोलते," मिरियमबाई म्हणाली. "कोणाला राम राम करते? त्या चौकटीपाशी आहे काय तुझ्या?"

"भोकं हायत. डबीची."

"आणि?"

दाजी सरबताच्या पेल्यात बघू लागला.

"आणि काय आहे दाजी तिथं?"

"बोर्ड हाय."

"कसला?"

"चार्जिंगचा," दाजी म्हणाला.

फोनमध्ये मोझेस खाकरला आणि मान वळवून बसला. दुसऱ्याच्या घरातली लाज दिसली की गावची माणसं वळवतात तशी. मिरियमबाईनं आणखी एकच विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते. दाजीनं सांगितलं, कान चांगले आहेत. मिरियमबाई बघत राहिली. तिचे डोळे थेट सारामावशीचे होते आणि त्या डोळ्यांपुढे दाजीनं लहानपणी कधी एक लाडूही पचवला नव्हता.

"फोन बंद करा म्हणाला," दाजी म्हणाला. "तुम्ही बोला पोरीशी म्हणाला. पनवेलला एक बाय हाय, बोलाय शिकवते, तिच्याकडे न्या, उशीर नको म्हणाला. सहा महिने झाले." त्यानं पेला खाली ठेवला. "मी घरात नाय सांगितलं. मालूला कुठल्या तोंडानं सांगू गो? तिनं पहिल्याच महिन्यात म्हटलेलं, मामंजी, नको."

मिरियमबाईनं त्याला समजावलं नाही, दोषही दिला नाही. गाडीची वेळ झाली म्हणाली आणि चार्जिंगचा फोन आणायला उठली. दाजी म्हणाला, राहू दे. तिथंच राहू दे. ती म्हणाली, अरे, पेणेपर्यंत तरी ने, वाटेत पोरगी जीव देईल. दाजीनं शकूला उचललं आणि पायऱ्या उतरला.

रोह्याच्या फलाटावर लोकांनी वाट मोकळी करून दिली, इतकी ती ओरडत होती. गाडीत तिनं दाजीच्या सदऱ्याची बटणं तोडली. खिसे उलटे केले. खिशात तंबाखूची डबी निघाली ती तिनं कानाला लावली, चोळली, फेकली. अष्टमीचे रूळ मागे पडले, नदी मागे पडली. दाजी तिच्या कानाशी बोलत होता. शकू, मी आजा. शकू, आजा हाय इथं. मुकादमासारखा मोठ्यानं बोलून पाहिलं, अंगाई म्हणावी तसं बोलून पाहिलं. साडेतीन वर्षांचं न बोललेलं सगळं त्याला नागोठण्याच्या आत बोलायचं होतं. पोरीचा आवाज बसला तरी तोंड उघडंच होतं. ओठ निळे झाले. तेव्हा त्या म्हाताऱ्याचा धीर सुटला, आणि त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून, देवाची मनात माफी मागून, स्वतःच्या नातीला तो शब्द उच्चारला.

"प्रिवेत."

शकू थांबली.

समोरच्या बाईनं प्रेत एवढंच ऐकलं आणि आपली पाटी उचलून ती पलीकडच्या बाकावर गेली. दाजीचं तिकडे लक्ष नव्हतं. शकू त्याच्याकडे बघत होती. कानाजवळून नव्हे, खांद्यावरून नव्हे. त्याच्या डोळ्यांत. तिच्या डोळ्यांत तपकिरी ठिपके आहेत हे दाजीला त्या दिवशी कळलं.

"स्मात्री," तो म्हणाला. "स्मात्री, शकू."

तिनं एक बोट पुढे केलं, त्याच्या हनुवटीवर टेकवलं आणि गालावरून कपाळाकडे सरळ वर ओढलं. दाजीला आधी वाटलं पोरगी कुरवाळते. तिनं पुन्हा ओढलं, जोरात, आणि तोंड वाकडं केलं. मग त्याला समजलं. तिला पुढचं चित्र हवं होतं.

दाजीनं पंचा डोक्यावरून घेतला, खाली वाकला आणि बोका होऊन वर आला. शकू बघत राहिली. बोट आलं, सरकलं. तो खाली गेला, बेडूक होऊन आला. यिश्शो, शकू म्हणाली. तो गाल फुगवून पुंडलिक खलाशी झाला, दात लपवून म्हातारी झाला, म्हैस झाला, हुप्प्या झाला. माणसं बघत होती, एकदोघं फोन काढून त्याचं चित्रण करत होती. नागोठणं आलं, गेलं. त्याच्या कमरेत कळ येत होती. प्रत्येक तोंडाच्या शेवटी तो एक शब्द चोरून घालत होता. म्याँव, आजा. डराँव, आजा. बोट यायचं आणि तोंडासकट शब्द वर सरकवून टाकायचं.

कासू गेलं आणि त्याच्याकडची तोंडं संपली. तो खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. पंच्याच्या आत अंधार होता, तंबाखूचा वास होता आणि एकही जनावर आठवत नव्हतं. डोक्यावरून शकूचा आवाज आला. "पका-पका."

काल हेच ऐकून त्यानं केळी ठेवली असती. आता अर्थ माहीत होता. तो धडपडून वर आला, काही न होता, जसा होता तसा, डोळ्यांनाकातून वाहत असलेला.

"आजा," तो म्हणाला. "शकू, जाऊ नको. आजा."

शकूनं बोट त्याच्या गालावर ठेवलं आणि वर ओढलं. बोट ओलं झालं, नीट सरकेना. काचेवर लाळ सांडली की पडदा हलत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं फ्रॉकचं टोक धरलं, आज्याचा एक गाल स्वच्छ पुसला, मग दुसरा पुसला, बोटही पुसलं. आणि पुन्हा बोट हनुवटीवर टेकवलं.